पुस्तकांचं कपाट कुरकुरतंय? स्क्रू आवळण्याआधी पाठ बघा

खोक्यातून येणारं, घरी जोडायचं पुस्तकांचं कपाट पहिलं वर्षभर मुकाट उभं असतं. मग कधीतरी वरच्या खणातलं जाड पुस्तक ओढताना बारीक ‘कर्र’ येतं. पुढे शेजारून कुणी चालत गेलं तरी वाजतं, दार आपटलं तरी वाजतं. सांगली-मिरजेत फर्निचर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करताना ही तक्रार सारखी कानावर येते. ती येते तोवर बहुतेक घरांत एक उद्योग होऊन गेलेला असतो. कुणीतरी एलन की (खोक्यासोबत येणारी षटकोनी टोकाची वाकडी किल्ली) घेऊन दिसेल तो स्क्रू जीव खाऊन आवळलेला असतो. आठ-दहा दिवस आवाज बंद राहतो आणि मग पहिल्यापेक्षा जोरात सुरू होतो.

असं का होतं हे कळलं तर दुरुस्ती अवघड नाही, खर्चही फार नाही. फक्त सुरुवात स्क्रूपासून करू नका. सुरुवात कपाटाच्या पाठीपासून करा, म्हणजे मागे ठोकलेल्या त्या पातळ फळीपासून. दहातल्या बहुतेक कपाटांचं दुखणं तिथंच असतं आणि तिथं कुणी बघत नाही, कारण ती बाजू भिंतीकडे असते.

आवाज येतो कसा

आवाज हलण्यातून येतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसलेले असतात. कपाट जरासं कललं की ते आधी अडतात, ताण साठतो, मग एकदम सटकतात आणि पुन्हा अडतात. हे अडणं-सटकणं इतक्या झपाट्यानं होतं की कानाला सलग कुरकुर ऐकू येते. त्यामुळे आवाज ‘मारायच्या’ मागे लागू नका. कपाट कुठून हलतंय ते शोधून ते हलणं थांबवा, आवाज आपोआप जातो.

आता हलतं का? ही कपाटं बहुतेक पार्टिकल बोर्डाची असतात. लाकडाचा चुरा आणि भुसा रेझिनमध्ये मिसळून, गरम दाबाखाली केलेलं हे बोर्ड. त्याचे दोन्ही पृष्ठभाग बारीक चुऱ्याचे, घट्ट असतात; मधला गाभा मात्र जाड चुऱ्याचा आणि पोकळसर असतो. कडेतून स्क्रू घातला की तो नेमका या गाभ्यातच जातो. सागवानात रेषा असतात, त्या स्क्रूला धरून ठेवतात. इथं रेषा नाहीत, चुऱ्याचे कण फक्त डिंकानं एकमेकांना चिकटलेले आहेत.

या बोर्डाला जोडणारं जे गोल चकतीसारखं लॉक असतं, ज्याला आमच्या धंद्यात मिनिफिक्स म्हणतात, ते १६ किंवा १८ मिमी जाडीच्या फळीत साधारण १५ मिमी व्यासाच्या भोकात बसतं. भोकाच्या तळाशी बोर्ड उरतं ते तीन-चार मिमी. चकती फिरवली की ती समोरच्या बाजूत बसवलेल्या बोल्टाचं डोकं आत ओढते आणि सांधा आवळला जातो. त्या बोल्टाची पकड बाजूच्या फळीत जेमतेम सेंटिमीटरभर खोल असते. सगळा भार याच्यावर.

जुनं, कुरकुरणारं कपाट रिकामं करून एक चकती काढा आणि बॅटरीच्या उजेडात त्या भोकात बघा. नव्या कपाटात भोकाची कड धारदार आणि गोल असते. जुन्यात ती एका अंगाला दबलेली, किंचित अंडाकृती झालेली दिसेल आणि तळाशी नाचणीच्या पिठासारखा तपकिरी भुगा जमलेला असेल. तो भुगा म्हणजे तुमच्याच कपाटाचं बोर्ड, हलून हलून घासून निघालेलं. आता ही चकती कितीही आवळली तरी ती दाबणार कशावर? वर जास्त पिळली तर बोर्डाचा पापुद्रा फुटून बाहेर येतो, नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूची ती चकतीच तुटते. आवळल्यावर आवाज आधी थांबून नंतर वाढतो तो याच्यामुळे.

पाठ कशासाठी असते

बहुतेकांना वाटतं, मागची फळी म्हणजे शोभेची. पुस्तकं मागून पडू नयेत, भिंत दिसू नये, एवढंच तिचं काम. खरं तर कपाट ताठ उभं राहतं ते तिच्या जिवावर. दोन उभ्या बाजू, वर-खाली आडव्या फळ्या आणि चार कोपऱ्यांत सांधे, एवढ्यानं बनलेली चौकट बाजूनं ढकलली की तिरकी होते, तिच्या चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. तिरकी होताना तिचा एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखडतो. मागे सपाट फळी घट्ट ठोकलेली असेल तर कर्णाला लांबायला जागाच राहत नाही. म्हणून ३ मिमीची फळीसुद्धा, चारी कडांनी पक्की असेल तर, सहा फुटी कपाट ताठ धरून ठेवते.

पण ती पक्की राहत नाही. खोक्यात मावावी म्हणून ही पाठ बऱ्याचदा घडी घालून किंवा दोन-तीन तुकड्यांत येते. मध्ये कागदी पट्टीचा नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीचा जोड असतो. सोबत बारीक चुका येतात आणि त्या बोर्डाच्या कडेत ठोकायच्या असतात, म्हणजे पुन्हा त्या पोकळ गाभ्यातच. जोडायला बसलेल्या माणसाला शेवटी कंटाळा येतो. तो चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये दोन चुका मारून मोकळा होतो. काही कपाटांत पाठ नुसतीच खाचेत सरकवलेली असते, चूक एकही नाही. अशी पाठ आडोसा करते, आधार देत नाही. मग बाजूनं येणारा प्रत्येक धक्का थेट कोपऱ्यातल्या चकत्या-बोल्टांवर जातो, आणि ते सांधे त्यासाठी केलेलेच नसतात.

सांगलीच्या गावभाग पेठेत एका निवृत्त शिक्षकांकडे असंच एक पाच खणी कपाट होतं. मुलानं पुण्याहून टेम्पोत घालून पाठवलेलं, इथं पुन्हा जोडलेलं. सर म्हणाले, “अहो, सगळे स्क्रू मी स्वतः दोनदा आवळलेत, आता राहिलंय काय सांगा की.” आम्ही ते अर्धं रिकामं करून भिंतीपासून ओढलं. वरच्या कडेच्या चुका निम्म्या बाहेर आलेल्या, आणि जिथं आत होत्या तिथं पाठीतली भोकं आडवी लांबट झालेली. मी दोन्ही तळहात पाठीवर दाबून धरले आणि सरांना म्हटलं, “आता हलवा.” त्यांनी बाजूनं हलवलं. आवाज नाही. हात काढले, पुन्हा हलवलं, कर्र. त्यांना पुढचं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

ही चाचणी कुणीही घरी करू शकतं, त्याला दोन माणसं पुरतात. एकानं वरच्या कोपऱ्याला हात लावून कपाट डावी-उजवीकडे हळू हलवायचं, दुसऱ्यानं आधी पाठ दाबून धरायची, मग एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. जिथं दाबल्यावर आवाज थांबतो ती जागा. हाताला थरथरही कळते. सोबत टेपनं मागून दोन्ही कर्ण मोजा. दोन मापांत ३ मिमीहून जास्त फरक असेल तर कपाट आधीच तिरकं झालंय.

पावसाळा, फडकं आणि दिवाळी

आपल्याकडे या दुखण्याला आणखी तीन कारणं चिकटतात.

जून ते सप्टेंबर हवा दमट असते. कृष्णाकाठच्या जुन्या घरांत तर भिंतीही ओल धरतात. सातारा जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वरकडे याहून वाईट. पार्टिकल बोर्ड हवेतली आर्द्रता शोषून फुगतं. फुगताना सांध्यातली लाकडी खुंटी आणि भोकाची भिंत एकमेकांना दाबतात, चुऱ्याचे कण चेपले जातात. पुढे हवा कोरडी झाली की बोर्ड आकसतं, पण चेपलेलं पुन्हा उभं राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यात सांधा थोडा सैल होतो. म्हणून ऐन पावसात कपाट गप्प वाटतं आणि ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर किंवा मार्च-एप्रिलात बोलायला लागतं.

दुसरं कारण रोजचं ओलं फडकं. फरशी पुसताना कपाटाच्या बुडाला रोज पाणी लागतं. बोर्डाच्या समोरच्या कडेला प्लास्टिकची पट्टी असते. बुडाची कड बऱ्याच कपाटांत उघडीच असते. ती पाणी ओढून घेते, फुगते, आणि बुडाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा उंच होतो. कपाट तीन पायांवर उभं राहिलं की डुलणारच. यात फरशी पुसणाऱ्या मावशींचा काही दोष नाही. कपाट जोडतानाच बुडाला प्लास्टिकचे बुश, म्हणजे छोटे टेकू, ठोकायला हवेत. हार्डवेअरच्या दुकानात ते मिळतात, आणि कपाट जमिनीपासून थोडं उचललं गेलं तरी पुरतं.

आणि दिवाळी. आवराआवरीत भरलेलं कपाट फरशीवरून ओढत नेतात, झाडून घेतात, परत ढकलतात. पुस्तकांच्या एक मीटर ओळीचं वजन सहज २५-३० किलो भरतं. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक साठवलेले असतील तर आणखी जास्त. असे चार-पाच खण भरलेलं कपाट वरून धरून ढकललं की खालचा भाग जागीच राहतो आणि वरचा पुढे जातो. वर्षभराच्या झिजेपेक्षा जास्त नुकसान या एका ढकलण्यात होतं. कपाट हलवायचं तर आधी रिकामं करा आणि दोघांनी बुडाजवळ धरून उचला. पुस्तकं काढायला अर्धा तास जातो, जाऊ दे.

दुरुस्ती, ज्या क्रमानं करावी त्या क्रमानं

आधी जमीन. कपाट रिकामं करा, जागेवर ठेवा, वर लेव्हल (बुडबुड्याची सपाटी-पट्टी) ठेवून बघा. शहाबादी फरशीच्या जुन्या घरात लाद्यांच्या जोडात फरक असतोच, आणि पाणी जावं म्हणून खोलीला दाराकडे किंवा मोरीकडे उतारही दिलेला असतो. चारी कोपऱ्यांखाली पोस्टकार्ड सरकवून बघा. जिथं ते सहज जातं तो कोपरा अधांतरी. तिथं सनमायकाच्या तुकड्याची पाचर घाला. घडी केलेला पुठ्ठा घालू नका, तो दबतो आणि ओलही धरतो. कधी कधी एवढ्यानंच काम होतं आणि पुढचं काहीच करावं लागत नाही.

मग पाठ. इथं घाई करू नका. कपाट तोंडावर आडवं झोपवा, खाली जुनी चादर घाला. जुनी पाठ काढून टाका. मिनिफिक्सच्या चकत्या थोड्या ढिल्या करा, दोन्ही कर्ण मोजा, आणि लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातानं दाब देत दोन्ही मापं सारखी होईपर्यंत चौकट सरळ करा. आता चकत्या पुन्हा आवळा, हाताला अडल्याचं जाणवलं की तिथंच थांबा.

त्यावर ६ मिमी प्लायची एकसंध पाठ बसवा. प्लायवाला मापानं कापून देतो. साधा एमआर ग्रेड, म्हणजे दमट हवा सोसणारा, बहुतेक घरांत चालतो. नदीजवळच्या किंवा ओल येणाऱ्या घरात बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा, घ्या. चुका वापरू नका, २५ मिमी लांबीचे बारीक स्क्रू वापरा. आधी २ ते २.५ मिमीचं बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर बोर्डाची कड फाटते. स्क्रूंमध्ये अंतर साधारण १५ सेंमी, कोपऱ्यापासून पाच सेंमी सोडून. मधली पक्की फळी असेल तर तिच्या कडेतही तीन-चार स्क्रू जाऊ द्या. हे विसरलं जातं, आणि मग पाठ मध्येच फुगते. बोर्डाची मागची कड उघडी असेल तर स्क्रूआधी तिच्यावर फेव्हिकॉलची रेघ द्या. भाड्याच्या घरात असाल, कपाट पुन्हा सोडवून न्यायचं असेल, तर डिंक टाळा.

नव्या पाठीनंतर कपाट उभं करून हलवा. मला असं वाटतं की इथपर्यंत आलेल्या बहुतेक लोकांना पुढचा परिच्छेद वाचायची गरज पडणार नाही.

तरीही एखादा सांधा बोलत असेल तर त्याचं भोक मेलेलं आहे. बोल्ट काढा. भोकातला भुगा फुंकून, टोकदार काडीनं साफ करा. बाजूच्या फळीतल्या बोल्टाचं भोक सैल असेल तर ८ मिमीच्या ड्रिलनं ते मोठं करा, पण ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर आरपार जाईल. आत डिंक घालून ८ मिमीची लाकडी खुंटी ठोका, वरून सपाट कापा, एक पूर्ण दिवस तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी खुंटीच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं नवं भोक पाडा. आता बोल्ट चुऱ्यात न जाता लाकडात जातो. बारीक स्क्रूची भोकं असतील तर एवढा खटाटोप नको; दोन-तीन बांबूच्या काड्या डिंकात बुडवून भोकात दाबा, वाळल्यावर कापा आणि स्क्रू घाला. चकतीचंच भोक ढासळलं असेल तर अराल्डाइटसारखं दोन ट्यूबांचं मिश्रण त्याच्या दबलेल्या कडेला भरून कड पुन्हा बांधता येते. तेही जमत नसेल तर तो सांधा सोडून द्या आणि आतल्या कोपऱ्यात लोखंडी एल-अँगल मारा. दिसतो थोडा, पण काम पक्कं.

काढता-घालता येणाऱ्या फळ्यांचा आवाज वेगळा असतो. तो फळीच्या टोकाचा आणि बाजूचा, किंवा फळी आणि तिच्या खालच्या पिनांचा. झोल आलेली फळी टोकांना उचलली जाते आणि पिनांवर घासते. ती उलटी करून बसवा. झोल वर येतो आणि पुस्तकांच्या वजनानं हळूहळू सरळ होतो. पिनांवर आणि फळीच्या टोकांना पांढऱ्या मेणबत्तीचं मेण घासा. नवं कपाट घेणार असाल तर फळीची लांबी जरूर बघा. पुस्तकांनी तशीच गच्च भरलेली ९० सेंमीची फळी ७५ सेंमीच्या फळीपेक्षा जवळपास दुप्पट झोल खाते, कारण लांबी थोडी वाढली तरी झोल भराभर वाढतो. आणि तीच फळी १८ ऐवजी २५ मिमी जाड असेल तर झोल एक तृतीयांशाच्या जरा वर येतो. दुकानात रंग बघण्याआधी ही दोन मापं बघावीत.

काय करू नये

सांध्यात तेल सोडू नका. खोबरेल नको, शिवणयंत्राचं नको, गंज काढायचा स्प्रेही नको. चार दिवस आवाज जातो हे खरं, पण बोर्ड तेल पिऊन बसतं आणि पुढे तिथं कुठलाही डिंक धरत नाही. असं कपाट दुरुस्तीला आलं की चांगली दुरुस्ती करायची वाटच बंद झालेली असते. जुन्या भोकात जास्त जाड स्क्रू ठोकून बसवणंही नको; बोर्डाची कड उभी चिरते.

रात्री कुणी हात न लावता एखादाच ‘टक्’ असा आवाज आला तर काळजी करू नका. दिवसा तापलेलं बोर्ड आणि लोखंड थंड होताना जागा बदलतात, त्याचा तो आवाज. तो सगळ्याच लाकडी सामानातून येतो. मागच्या प्लायमधून मात्र बारीक पिवळसर पूड पडत असेल किंवा कडेला मातीची रेघ दिसत असेल, तर ते कीड-वाळवीचं काम आहे. तिथं आधी औषध, मग सुतार.

काही कपाटं वाचवू नयेत. बुडाची फळी फुगून तिची जाडी बोटाला वेगळी लागत असेल, नखानं चुरा निघत असेल, तर तो भाग कापून बदलायचा, नाहीतर कपाट टाकायचं. पुरात भिजलेल्या कपाटाबद्दल तर मी स्पष्टच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर गावभाग-मारुती चौकाकडच्या घरांत सागवानी कपाटं वाळवून, घासून पुन्हा उभी राहिली. पार्टिकल बोर्ड दिवसभर पाण्यात राहिलं तर वाळल्यावरही ते बोर्ड राहत नाही. त्यावर पुस्तकं चढवू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर, दुरुस्ती झाली तरी कपाट भिंतीला बांधल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. मूल खालच्या खणावर पाय देऊन चढतं आणि अख्खं कपाट पुढे येतं. वरच्या फळीला दोन एल-अँगल लावून ते भिंतीत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारं प्लास्टिकचं बूच) घालून स्क्रूनं पकडा. विटांच्या भिंतीत ८ मिमीची गिट्टी धरते, पण ती प्लास्टरमध्येच संपू देऊ नका. प्लास्टर १५-२० मिमी असतं, त्याच्या पलीकडे विटेत जायला हवी. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल भुसभुशीत जाऊ लागलं तर जागा बदला आणि दगडात भोक पाडा. भिंत आणि पाठ यांच्यात दोन बोटं फट ठेवा, म्हणजे हवा खेळती राहील आणि भिंतीची ओल नव्या प्लायला लागणार नाही. जड कोश आणि अंकांचे गठ्ठे खालच्या दोन खणांत, कथा-कविता वर. पाऊस उघडला की, दसऱ्याच्या सुमारास, एकदा पाठीचे स्क्रू हाताने तपासा आणि ढिला असेल तेवढाच आवळा.